सासूबाईंची स्टिरॉइडची गोळी बंद करावी का?

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका सूनबाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही खांदे आणि कमरेखालचा भाग सकाळी इतका आखडायचा की अंथरुणातून उठवत नसे, वेणी घालायला हात वर जात नसे. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी ‘पॉलिमायाल्जिया रुमॅटिका’ असे निदान करून प्रेडनिसोलोन रोज १५ मिलिग्रॅम सुरू केले आणि तीन दिवसांत त्या चालू-फिरू लागल्या. आता सहा आठवडे झाले आहेत, डोस साडेबारा मिलिग्रॅमवर आला आहे. परंतु दुपारची साखर २८० पर्यंत जाते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, आणि शेजारच्या काकूंनी ‘हे स्टिरॉइड आहे, हाडे खाऊन टाकते, आजच्या आज बंद करा’ असे सांगितल्यापासून सासूबाई गोळी घ्यायला तयार नाहीत. शिवाय गुडघ्यांसाठी त्या दोन वर्षे एका जडीबुटीवाल्याची पुडी घेत होत्या, ती अजून चालू आहे, आणि पुढच्या आठवड्यात एक दाढ काढायची आहे. या सगळ्यात नेमके काय करावे, असे त्या विचारतात.

पहिले उत्तर तातडीचे आहे: गोळी आज बंद करू नका, उद्याही करू नका. ती बंद होईल, पण ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांनी आखलेल्या क्रमाने. माझ्या अनुभवात स्टिरॉइडची गोळी विनाकारण सुरू केल्याने जेवढे नुकसान होते, जवळजवळ तेवढेच ती घाबरून एकदम सोडल्याने होते. पहिल्या प्रकाराबद्दल पुष्कळ बोलले जाते, दुसऱ्याबद्दल फारच कमी.

एकदम का सोडायची नाही, हे समजण्यासाठी शरीरात काय चालते ते पाहावे लागेल. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब टिकवणे, उपाशीपोटी साखर खाली न जाऊ देणे, ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या ताणात शरीर उभे ठेवणे ही त्याची कामे आहेत. निरोगी माणसाच्या शरीरात रोज जेवढे कॉर्टिसॉल तयार होते, ते अंदाजे ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचे असते. याहून जास्त मात्रा तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बाहेरून मिळत राहिली, की मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी ‘आता गरज नाही’ असे समजून अॅड्रिनलला संदेश पाठवणे कमी करते आणि त्या ग्रंथी मंदावतात. गोळी थांबवली म्हणून त्या दुसऱ्या दिवशी जाग्या होत नाहीत. त्यांना काही आठवडे, काही जणांना कित्येक महिने लागतात. मधल्या काळात गळून जाणे, मळमळ, भूक नाहीशी होणे, उभे राहताच चक्कर येणे असे त्रास होतात, आणि त्यातच ताप किंवा जुलाब झाले तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. सासूबाईंचे सहा आठवडे झाले आहेत आणि डोस नैसर्गिक पातळीच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणजे त्या या धोक्याच्या गटात निश्चित मोडतात. याउलट दम्याच्या झटक्यासाठी पाच-सात दिवस दिलेली गोळी बहुतेक वेळा सरळ थांबवता येते, तिथे पायऱ्या लागत नाहीत. म्हणून ‘स्टिरॉइड कधीच एकदम बंद करायचे नाही’ हे वाक्यही सरसकट खरे नाही. किती डोस आणि किती दिवस, यावर सारे अवलंबून आहे.

आता त्यांच्या आजाराविषयी. पॉलिमायाल्जिया हा पन्नाशीनंतरचा आजार आहे. त्यात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरातील सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे, वाढलेले असतात, आणि कमी मात्रेतील प्रेडनिसोलोनने काही दिवसांत मिळणारा ठळक आराम निदानाला बळ देतो. सुरुवातीची मात्रा साधारण साडेबारा ते २५ मिलिग्रॅम असते, पहिल्या चार ते आठ आठवड्यांत ती १० वर आणतात, आणि तिथून पुढे दर चार आठवड्यांनी सुमारे एक मिलिग्रॅम इतक्या संथ गतीने उतरवतात. गोळ्या अडीच आणि पाच मिलिग्रॅमच्या असल्याने डॉक्टर कधी ‘एक दिवस दहा, एक दिवस साडेसात’ असे लिहून देतात. ती चूक नसते, सरासरी सव्वा मिलिग्रॅमने डोस खाली आणण्याची ती पद्धत आहे. एकूण उपचार बहुधा वर्ष-दोन वर्षे चालतात. डोस उतरताना अंग दुखले, तर आजार उलटला असे लगेच धरून मनाने गोळी वाढवू नये, कारण स्टिरॉइड कमी होण्यानेही अंग दुखते आणि या दोहोंतला फरक तपासणी व ईएसआर-सीआरपी पाहून करावा लागतो.

या आजाराच्या जोडीने डोक्याच्या धमन्यांना सूज येण्याचा एक गंभीर प्रकार काही रुग्णांत आढळतो. सासूबाईंना कानशिलाशी नवी डोकेदुखी सुरू झाली, केस विंचरताना डोक्याची त्वचा दुखू लागली, घास चावताना जबडा भरून येऊ लागला, किंवा क्षणभरही एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि दृष्टीवर परिणाम झाला असेल तर त्याहून मोठी मात्रा शिरेतून, तातडीने द्यावी लागते, कारण एकदा गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. स्टिरॉइडला सरसकट विष म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवावा असे मला मनापासून वाटते.

कॉर्टिसोन हे स्टिरॉइड प्रथम १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला दिले गेले, आणि या शोधासाठी हेंच, केंडल व राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५५ मध्ये प्रेडनिसोलोन आले आणि पोटातून घेण्याच्या स्टिरॉइडांत ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. दम्याचा तीव्र झटका, लहान मुलांच्या मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाणारा नेफ्रॉटिक सिंड्रोम, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा ल्यूपस, पेम्फिगससारखे त्वचेवर फोड आणणारे आजार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी शरीरानेच नष्ट करण्याचे विकार, या सर्वांत ते जीव किंवा अवयव वाचवते. चेहरा एका बाजूला वाकडा होणाऱ्या बेल्स पाल्सीत पहिल्या ७२ तासांत सुरू केले तर चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. कुष्ठरोगाच्या उपचारादरम्यान नसांना सूज येते तेव्हा वेळेवर दिलेले प्रेडनिसोलोन हातापायांचे कायमचे पांगळेपण टाळते, आणि क्षयरोगाच्या मेंदूज्वरात क्षयाच्या औषधांसोबत दिलेले स्टिरॉइड मृत्यूचे प्रमाण कमी करते. अॅडिसन्स आजारात तर अॅड्रिनल ग्रंथीच निकामी झालेल्या असतात, तिथे ही गोळी म्हणजे रोजची गरज आहे, ती कधीच बंद होत नाही. व्यायामशाळांत स्नायू वाढवण्यासाठी जी स्टिरॉइडे चोरून घेतली जातात, ती निराळ्या जातीची, पुरुषी संप्रेरकासारखी औषधे आहेत. त्यांचा इथे काही संबंध नाही.

मात्र साध्या सर्दीतापाला, डेंग्यूला, कारण न शोधलेल्या सांधेदुखीला, भूक लागावी किंवा वजन वाढावे म्हणून ही गोळी देण्याला कोणताही आधार नाही. कोविडच्या काळात हा धडा फार महागात शिकावा लागला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस, मृत्यू कमी करते. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना फायदा झाला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरी बसलेल्या, प्राणवायू उत्तम असलेल्या कित्येकांनी ही गोळी पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून आणि मनमानी मात्रेत घेतली. त्यानंतर काळ्या बुरशीचे रुग्ण इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात दाखल होत राहिले, ते आपल्या शहराने पाहिले आहे. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की ही बुरशी किती झपाट्याने नाकातून डोळ्यापर्यंत पोहोचते, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. कायद्याने हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पण मेडिकलच्या काउंटरवर जुने पाकीट दाखवून ते सहज मिळते ही वस्तुस्थिती आहे, आणि ती बदलायला हवी.

मला सासूबाईंच्या गोळीपेक्षा त्या पुडीची काळजी अधिक वाटते. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर ‘दोन दिवसांत गुण’ देणाऱ्या, वर काहीही न छापलेल्या चूर्णांत आणि गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा आढळून आले आहे. शास्त्रोक्त आयुर्वेदाची जाण असलेल्या वैद्यांनाही याचा तितकाच राग येतो. पुडी घेतली की आराम, चुकली की अंग मोडून येणे, भूक एकाएकी वाढणे, दंडाची कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे डाग पडणे, हे सगळे गोळी सुरू होण्याआधीपासून होते का, ते आठवून पाहा. तसे असेल तर त्यांच्या अॅड्रिनल ग्रंथी सहा आठवड्यांपासून नव्हे, दोन वर्षांपासून दबलेल्या असू शकतात, आणि चेहरा गोल होण्याचे व साखर चढण्याचे काही श्रेयही त्या पुडीकडे जाईल. पुडी थांबवायची आहे यात शंका नाही. पण उरलेल्या पुड्या फेकून न देता डॉक्टरांकडे घेऊन जा, ती किती दिवसांपासून चालू आहे ते स्पष्ट सांगा, आणि पुडी व गोळी अशी दोन्ही एकाच वेळी कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. पुढे प्रेडनिसोलोनचा डोस पाचच्या आसपास आला की डॉक्टर सकाळी आठच्या सुमारास, आदल्या दिवसापासून गोळी न देता, रक्तातील कॉर्टिसॉल तपासू शकतील; ते १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरल्या असे मानतात, पाचच्या खाली असेल तर अजून थांबावे लागते.

साखरेबाबत एक गोष्ट बहुतेक घरांत निसटते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी सर्वाधिक असतो, रात्री ओसरतो, त्यामुळे उपाशीपोटीची साखर ११५-१२० पाहून ‘सगळे ठीक आहे’ असे वाटते आणि जेवणानंतरची साखर तीनशेच्या घरात फिरत असते. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी अशा दोन वेळा साखर मोजून तारखेसह वहीत लिहावी. त्यावरून डॉक्टर सकाळचे औषध वाढवतील किंवा काही काळ इन्सुलिन देतील. इन्सुलिन लागले म्हणजे मधुमेह कायमचा हाताबाहेर गेला असे नाही. जितके महत्त्वाचे हे, तितकेच पुढचे: प्रेडनिसोलोन उतरत जाते तसे साखरेचे औषधही उतरवावे लागते, नाहीतर दोन महिन्यांनी पहाटे घाम फुटून साखर ५० वर आलेली सापडते. दोन्ही औषधे वेगवेगळ्या डॉक्टरांची असतील तर प्रत्येक बदल दुसऱ्याला कळवण्याचे काम घरच्या एकाने स्वतःकडे घ्यावे. पोहे, जिलबी आणि वर शेव हा आपल्या शहराचा नाश्ता या काळात साखर आणि मीठ दोन्ही बाजूंनी जड आहे; मुगाचे धिरडे, मोड आलेली कडधान्ये, दही, पनीर यांकडे वळावे, कारण स्टिरॉइडने स्नायूही झिजतात आणि प्रथिने हवीत.

हाडांबद्दल शेजारच्या काकू म्हणाल्या त्यात तथ्य आहे, फक्त त्यावरचा उपाय गोळी फेकणे हा नाही. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणून ‘नंतर बघू’ असे म्हणण्याची सोय नाही. रोज अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिने वा जास्त चालणार असेल, तर आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पुरेसे जीवनसत्त्व ड, आणि त्यांच्या वयात हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी हवी. तिच्या निकालावरून हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटसारखी गोळी सुरू करण्याचा प्रश्न येईल. रोज अर्धा तास चालणे आणि न्हाणीघरात घसरू नये म्हणून धरायला दांडी बसवून घेणे, हेही उपचारच आहेत. जांघेत सतत दुखून चालणे अवघड झाले, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर धरतो आणि काही जणांत आतला दाब वाढतो, म्हणून वर्षातून किमान एकदा नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर, एकाच वेळी घ्यावी; संध्याकाळी घेतल्यास झोप उडते. झोप न लागणे, चिडचिड, अकारण उत्साह किंवा रडू येणे हे या औषधाने होते, आणि जास्त मात्रेत कधी भ्रमही होतो. घरच्यांनी त्यावरून सासूबाईंशी वाद घालू नये, डॉक्टरांना सांगावे. पोटाच्या अल्सरची भीती एकट्या प्रेडनिसोलोनची फारशी नसते. त्याबरोबर डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके किंवा अॅस्पिरिन चालू असेल तर ती पुष्कळ वाढते. गुडघ्यासाठी त्यांच्या डब्यात अशी गोळी असेलच. ती काढून टाका, पॅरासिटामॉल चालेल. हृदयासाठी अॅस्पिरिन असेल तर ते मनाने थांबवू नका, आम्ल कमी करणारी गोळी जोडून घ्या. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन प्रेडनिसोलोनचा प्रभाव कमी करतात, तर बुरशीविरोधी इट्राकोनाझोलमुळे काही स्टिरॉइडांचा, विशेषतः मिथाइलप्रेडनिसोलोनचा, प्रभाव खूप वाढतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचे आधी सांगा. दवा बाजारातून औषध आणताना नाव वेगळे मिळाले तर मिलिग्रॅम बरोबर आहेत एवढे पाहून भागत नाही: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट आणि फक्त पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांच्या बरोबरीचे असते.

संसर्गाच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते हे की स्टिरॉइड तापही दाबते. अंग किंचित गरम, पण माणूस मलूल, असे असेल तर ते क्षुल्लक मानू नये. पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा घरात कोणाला असेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. फ्लू, न्यूमोकोकस (न्यूमोनिया आणणारा एक जंतू) आणि नागिणीची निर्जीव लस त्यांनी घ्यावी. रोजचा डोस २० मिलिग्रॅम वा अधिक, दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तेव्हा जिवंत विषाणूंच्या लसी टाळतात. घरात कोणाला कांजिण्या आल्या आणि सासूबाईंना त्या पूर्वी झाल्या नसतील, तर त्याच दिवशी कळवावे.

एकादशीला किंवा श्रावणात उपवास करायचाच असेल तर गोळी सुटता कामा नये, आणि मधुमेहाच्या औषधांसह निर्जळी उपवास मी त्यांना करू देणार नाही. ताप आल्यास साडेबारा मिलिग्रॅमचा सध्याचा डोस साधारणपणे पुरतो; पुढे डोस दहाच्या खाली आल्यावर आजारपणात तो तात्पुरता दहापर्यंत वाढवावा लागतो, त्याची लेखी सूचना आत्ताच मागून ठेवा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी दुसरा दिवस उजाडू देऊ नका, रुग्णालयात हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागू शकते. त्यांच्या पर्समध्ये औषधाचे नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद नेहमी असावा, म्हणजे रस्त्यात काही झाले तर अनोळखी डॉक्टरलाही ते समजेल.

राहिली दाढ. जागा बधिर करून एक दाढ काढायची असेल तर त्या दिवशीची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन, सकाळच्या वेळी आणि नाश्ता करून जावे. बहुतेक वेळा वेगळा वाढीव डोस लागत नाही, मात्र पूर्ण भूल देऊन मोठे काम ठरले तर भूलतज्ज्ञांना आधी सांगणे आवश्यक आहे. दंतवैद्यांना साखरेची वही दाखवा. दुपारची साखर २८० असताना जखम भरायला उशीर होतो आणि संसर्गाचा धोका राहतो, त्यामुळे दाढ सुजलेली नसेल तर साखर आवरेपर्यंत आठ-दहा दिवस थांबण्याचा सल्ला ते देतील आणि तो योग्य असेल. अॅलेंड्रोनेट सुरू करायचे ठरले तर दातांची अशी कामे त्याआधी उरकून घेणे बरे, कारण त्या औषधाने क्वचित जबड्याचे हाड भरून यायला अडचण येते. तेव्हा डेक्सा तपासणीची तारीख घ्या, दाढेची तारीख तिच्या अलीकडे ठेवा, आणि दोन्ही डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या गोळ्यांची पाकिटे व ती पुडी एकाच पिशवीत घालून न्या.